गोल टेबलाभोवती सहा जण

रीझनिंग शिकायला क्लास लागत नाही, घरात एक डोकेबाज माणूस असला की पुरतं, असं मी बायकोला ठणकावून सांगितलं. डोकेबाज माणूस म्हणजे अर्थातच मी. नवी मुंबईत पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी खरेदी विभाग सांभाळतो. दिवसभर सप्लायर लोकांच्या थापा उलगडत बसणाऱ्या माणसाला परीक्षेतली कोडी म्हणजे चहाबरोबरचं बिस्किट.

सोनल महापालिकेच्या लिपिक भरतीची तयारी करत होती. वयोमर्यादा संपत आली होती, म्हणजे ही शेवटची संधी. मराठी, गणित, सामान्य ज्ञान, सगळं पक्कं. फक्त बैठक व्यवस्थेचा प्रश्न आला की ती जाम झालेल्या मिक्सरसारखी व्हायची. आवाज भरपूर, आत काही फिरत नाही.

"ए च्या डावीकडे बी, बी च्या समोर डी," ती वैतागून म्हणाली. "ही माणसं डोळ्यासमोरच येत नाहीत माझ्या."

"मग ओळखीची माणसं घे. थांब, मीच तुला एक प्रश्न बनवून पाठवतो."

आता ओळखीची माणसं म्हणजे त्या आठवड्यात डोक्यात एकच गोतावळा होता. पुढच्या रविवारी माझ्या धाकट्या बहिणीचा, अक्षताचा, साखरपुडा होता. मुलगा खांदेश्वरचा, शिवतेज. त्याचे वडील हिराजीशेठ, बिल्डर, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. शिवतेजची बहीण क्षिप्रा आणि तिचा नवरा राजवर्धन. आमच्याकडून माझे वडील गोटीराम आणि त्यांची थोरली बहीण पुतळाआत्या. आत्याही एकटीच, आमच्याबरोबर सीवूड्सला राहते. झाले सहा जण. जेवून पलंगावर पडल्या पडल्या मी अस्सल परीक्षेच्या भाषेत टाइप केलं:

"खालील माहिती काळजीपूर्वक वाचा. गोल टेबलाभोवती सहा जण बसले आहेत. गोटीरामच्या समोर राजवर्धन आहे. पुतळा आणि हिराजी शेजारी शेजारी बसत नाहीत. क्षिप्राचे तोंड टेबलाच्या बाहेरच्या बाजूला आहे. शिवतेज हिराजीच्या डावीकडे आहे. पुतळाच्या समोर गोटीराम आहे. तर यांपैकी गटात न बसणारी व्यक्ती कोणती?"

पाठवलं, फोन चार्जिंगला लावला आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो.

जागा झालो तेव्हा वडील डोक्याशी उभे होते.

"हरेश, तू गुरूपवर काय टाकलास?"

"कुठल्या ग्रुपवर?"

"साखरपुड्याच्या. दोनी घरं हायेत त्याच्यात."

मी फोन हिसकून घेतला. सोनलच्या नावाच्या बरोबर वर साखरपुड्याचा ग्रुप होता आणि माझं बोट झोपेत होतं. मेसेजखाली सगळ्यांच्या निळ्या खुणा. उत्तर कोणाचंच नाही. घाईघाईने डिलीट केलं. नीट बघितलं तर ते फक्त माझ्या फोनमधून गेलं होतं. म्हणजे आता तो मेसेज जगात सगळ्यांना दिसत होता, मी सोडून.

मी लिहिलं, "सॉरी, चुकून आलं. हे फक्त सोनलसाठी होतं."

हे वाक्य लिहिण्यापेक्षा मी फोन खाडीत टाकला असता तर बरं झालं असतं. लगेच क्षिप्राचा फोन आला.

"दादा, माझं तोंड बाहेर का?"

"अगं, तो प्रश्न आहे. परीक्षेतला."

"परीक्षेत माझं नाव कसं?"

"मीच घातलं."

"म्हणजे तुम्ही आणि वहिनी घरी बसून ठरवता की आम्ही कुणीकडे तोंड करून बसायचं."

तिने फोन ठेवला. मग हिराजीशेठनी वडिलांना फोन केला. स्पीकर चालू होता.

"गोटीरामशेठ, आमी गटात बसत नसू तं तसा सांगा. आन मना नुसता हिराजी? तुमच्या पोराच्या वर्गात व्हतो का मी? हॉलवाल्याला काय कळवायचा तां आजच ठरवू."

वडिलांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता माझंच नाव रेशनकार्डातून निघतंय. आतल्या खोलीतून अक्षता बाहेर आली. रडून डोळे सुजलेले.

"दादूस, माझं लग्न मोडलं ना, तर मी जन्मभर तुझ्याच घरी राहीन. रोज तुझ्या समोर बसेन."

ही धमकी होती.

या सगळ्यात पुतळाआत्या एक अक्षर बोलली नव्हती. एरवी ती बिल्डिंगच्या लिफ्टशीही भांडते. मी स्वयंपाकघरात गेलो तर ती ओट्याला टेकून उभी होती.

"तुला कोनी सांगितला?" तिने हळूच विचारलं.

"काय?"

"हिराजीचा. मी त्याच्या बाजूला बसनार नाय म्हनून. तुझ्या बापालाबी धड ठावं नाय, तवा तो लहान व्हता."

मला काहीच माहीत नव्हतं, पण तिला ते खरं वाटेना. तिला वाटलं, मी सगळं खणून काढलंय. मग तिनेच सांगितलं. तरुणपणी हिराजीशेठ तिला बघायला आले होते आणि हिने नकार दिला होता. सहा माणसांतून मी नेमकी हीच जोडी उचलून वेगळी बसवली होती.

संध्याकाळी आम्ही पेढे घेऊन खांदेश्वरला निघालो. मी, सोनल आणि वडील. गाडीत बसलो तर मागच्या सीटवर आत्या आधीच बसलेली, नवीन लुगडं नेसून. का येतेस, असं विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

हिराजीशेठच्या दिवाणखान्यात सगळे ओळीने बसले होते. पाणीसुद्धा उशिरा आलं. मी म्हणालो, बोलून उपयोग नाही, दाखवतोच. टीपॉयवर सहा कप गोल मांडले. "हे बघा, हा निव्वळ तर्काचा प्रश्न आहे. याला एकच उत्तर येतं. हे बाबा. बाबांच्या समोर राजवर्धन..."

"आणि आत्याबाई?" राजवर्धनने विचारलं. तो इंजिनिअर आहे आणि मेसेज त्याच्या फोनवर अजून होता.

"आत्या... बाबांच्या समोर."

"समोर तर मी आहे."

मी कप उचलला. ठेवला. परत उचलला.

"म्हणजे मी आत्याबाईंच्या मांडीवर बसायचं का?"

कोणीच हसलं नाही. मी कप फिरवत राहिलो. इतक्यात सोनल शांतपणे म्हणाली, "याला उत्तरच नाही. गोल टेबलाला एकाच्या समोर दोघं बसत नाहीत. प्रश्नच चुकलाय." दोन महिने अडलेलं तिला त्या क्षणी, माझ्या बहिणीच्या होणाऱ्या सासरी बैठक चालू असताना समजलं.

हिराजीशेठ कपांकडे बघत होते. मग त्यांनी थेट आत्याला विचारलं, "तां सोडा. पन तुमी तवा नाय का म्हनल्या?"

आत्या म्हणाली, "तुमी बघायला आलात आन एकदाबी तोंड वर केला नाय. चकार शबूद नाय. मना वाटला, मुका हाय."

"लाजत व्हतो मी."

"मंग तसा सांगायचा व्हता."

"कसा सांगनार? लाजत व्हतो ना."

पहिली क्षिप्रा हसली. मग राजवर्धन. मग माझे वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि दुसऱ्यांदा मागवलेलं पाणी धावत आलं. पेढ्यांचा पुडा फुटला. हिराजीशेठनी जाहीर केलं की साखरपुड्याला टेबलंच नकोत. बुफे ठेवू, सगळे उभे राहतील, कोणाचं तोंड कुठेही असो.

साखरपुडा छान झाला. मी सोडून कोणालाच खुर्चीची आठवण आली नाही. आत्या आणि हिराजीशेठ ताटं हातात धरून आईस्क्रीमच्या काउंटरजवळ उभे होते आणि आईस्क्रीम संपलं तरी तिथून हलले नाहीत.

सोनल परीक्षा पास झाली, निवड यादीत नाव आलं. अभ्यास कसा केला असं कोणी विचारलं की ती म्हणते, एकटीने. मी विरोध करत नाही.

अडचण वेगळीच आहे. आत्या हल्ली दर आठवड्याला खांदेश्वरला जाते. अक्षताच्या सासरची माहिती काढायला, असं सांगते. लग्न दिवाळीनंतर आहे आणि एवढ्या फेऱ्यांत तर अख्ख्या पनवेल तालुक्याची माहिती निघाली असती. काल ती अशीच निघाल्यावर वडिलांनी दार लावून घेतलं. मग मला म्हणाले,

"हरेश, तू तं रीझनिंगवाला ना? मंग सांग, हिराजीला मी व्याही म्हनू का दाजी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सोनलने माझ्या हातातला फोन काढून घेतला.