तळहातावरचा दाखला

सोमवारी सकाळी नऊ वाजता महादेव बिराजदार स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात एक फणस बसला होता. दोघांत फणसच जास्त ऐसपैस बसला होता. अकरा वाजता बिराजदारांना लेकीला घेऊन नव्या शाळेत हजर व्हायचं होतं. सातवीत एकच जागा शिल्लक आहे, दाखला घेऊन वेळेवर या, मागे दुसरं नाव तयार आहे, असं शाळेनं शनिवारीच बजावलं होतं.

पाटबंधारे खात्यातली बदली घेऊन हे कुटुंब सोलापूरहून रत्नागिरीत आलं, त्याला आठ दिवस झाले होते. आठही दिवस वेदिकानं नव्या गावाशी असहकार पुकारला होता. "हितं मला कोण ओळखतंय? मी बोलले की सगळे हसणार. मी आत्याकडं राहून शिकते," एवढंच तिचं पालुपद. शेवटी वैतागून बिराजदारांनी शब्द देऊन टाकला, की इथं प्रवेश मिळाला नाही तर तुला सोलापूरला आत्याकडं ठेवतो. शब्द देताना त्यांना वाटलं होतं, एवढ्या मोठ्या गावात प्रवेश न मिळायला काय झालं. आता मात्र जागा एकच होती आणि मागे दुसरं नाव तयार होतं. लेक म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ती घरात नसेल तर संध्याकाळी ऑफिसातून घरी कशाला यायचं, असा त्यांना साधा प्रश्न होता.

फणस घरमालकांनी दिला होता. आप्पा साळवी आयुष्यभर बोटीवर नोकरी करून आता भाट्याच्या खाडीजवळच्या घरी स्थायिक झाले होते. नवं बिऱ्हाड आलं की आपल्या झाडाचा फणस त्याला द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. सकाळी आठला त्यांनी तो खांद्यावरून आणला, ओट्यावर ठेवला, बोटांनी दोन-तीनदा ठोकला आणि डॉक्टरसारखा कान लावला.

"बरोब्बर पिकलाय. आजच फोडा. उद्यापर्यंत नाय थांबायचा तो."

बिराजदार थक्क होऊन बघत राहिले. ते डाळिंबाच्या मुलखातले. फळ म्हणजे मुठीत मावणारी वस्तू, अशी त्यांची चाळीस वर्षांची समजूत. इथं मात्र अंगणातल्या झाडाच्या बुंध्यालाच, पोरांच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, पोत्याएवढी फळं लटकलेली. पहिल्या दिवशी तर ते नकळत चप्पल काढून त्या झाडापुढे उभे राहिले होते.

"पण आतलं तुम्हाला बाहेरून कळतं कसं?" त्यांनी विचारलं.

"तोच सांगतो," आप्पा म्हणाले. "फोडता येतो ना? नायतर सगुणेला पाठवतो."

सगुणा म्हणजे आप्पांची बायको. तिला बोलावलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि लिहायची वेळच आली नसती. पण आपल्याला एखादी गोष्ट येत नाही हे कबूल करणं सरकारी नोकरीत शिकवत नाहीत.

"येतो की. ऊस तोडलेला माणूस आहे मी," बिराजदार म्हणाले.

आप्पांनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं, "बरा," म्हणाले आणि निघून गेले.

बिराजदारांनी स्वच्छ धुतलेली, कोरडी खटखटीत सुरी घेतली आणि स्वच्छ धुतलेल्या, कोरड्या खटखटीत हातांनी फणसाचे दोन भाग केले. घरभर असा वास सुटला की त्यांची बायको राजश्रीबाई तव्यावरची पोळी तशीच सोडून जवळ आल्या. आत सोन्याच्या रंगाचे गरे दाटीवाटीनं बसले होते, ओळीवर ओळ, एकेकाच्या पोटात एकेक आठळी. वेदिकाही आठ दिवसांचा रुसवा विसरून वाकली.

"पप्पा, किती घरं आहेत ह्यात," ती हळूच म्हणाली.

तिच्या तोंडून निघालेलं ते आठ दिवसांतलं पहिलं कौतुक. बिराजदारांना भरून आलं. त्यांनी मायेनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला.

फणसाचा चीक म्हणजे काय, हे त्यांना तेव्हा समजलं. हात ओढला तर वेदिकाचं डोकं बरोबर आलं. दुसऱ्या हातानं सोडवायला गेले तर वेणी दुसऱ्या हाताला लागली. राजश्रीबाईंनी जोर लावून बाप आणि लेक वेगळे केले, तेव्हा पाच-पंचवीस केस बापाकडे राहिले आणि चीक वेणीकडे गेला. सुरी फरशीला चिकटली होती. इतक्यात शाळेतून फोन आला.

राजश्रीबाई दोन्ही हातांनी वेणी धरून होत्या. बिराजदारांनी कोपरानं फोन घेतला. पलीकडून लिपिकानं विचारलं, "दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक तेवढा सांगा बघू." लेकीच्या प्रवेशाचं काम, तेव्हा त्यांनी तत्परतेनं फायलीतून दाखला काढला आणि क्रमांक खणखणीत वाचून दाखवला. फोन बंद झाल्यावर त्यांनी दाखला टेबलावर ठेवला. म्हणजे ठेवायला गेले. दाखला उजव्या तळहातावरून हलायला तयार नव्हता.

"ओढू नका, फाटेल," राजश्रीबाई म्हणाल्या. तोवर फाटला होता. वरचा अर्धा भाग डाव्या हातात आला, खालचा उजव्या तळहातावर राहिला.

पाणी लावून झालं, साबण लावून झाला. चीक आणखी घट्ट झाला. मग राजश्रीबाईंना माहेरचं शहाणपण आठवलं. "कणीक हाताला चिकटली की कोरड्या पिठानंच सुटते की. ज्वारीचं पीठ लावून बघू." कल्पना सोलापुरात कुणालाही पटली असती. बिराजदारांना तर फारच पटली. त्यांनी दोन्ही हात पिठाच्या डब्यात घातले आणि बाहेर काढले तेव्हा त्यांच्या हातांवर दोन भाकऱ्या तयार होत्या. वेदिकाच्या वेणीलाही थोडं पीठ लावून झालं.

"आप्पांना विचारायचं का?" राजश्रीबाई म्हणाल्या.

"ऊस तोडलाय म्हणून सांगितलंय मी त्यांना," बिराजदार म्हणाले. "चला, साडेदहा झाले."

वेदिका रिक्षात गप्प बसली होती. पण तिच्या गप्प बसण्यात एक समाधान होतं. फाटका दाखला, पिठाचा बाप आणि जटा झालेली वेणी, एवढी तयारी बघून कुठलीही शाळा प्रवेश देणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. बिराजदारांनाही दिसत होतं. सोलापूरला आत्याच्या घरी खुंटीला वेदिकाचं दप्तर टांगलेलं त्यांना दिसू लागलं आणि त्यांनी खिडकीबाहेर, म्हणजे रिक्षाला खिडकी नसते म्हणून नुसतंच बाहेर, तोंड फिरवलं.

शाळेच्या कार्यालयात हरिश्चंद्र नावाचे लिपिक होते. त्यांनी वेदिकाला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं आणि हात पुढे केला. "दाखला?"

बिराजदारांनी डाव्या हातातला अर्धा कागद टेबलावर ठेवला आणि उजवा तळहात उघडून समोर धरला. हरिश्चंद्रांनी चष्मा लावला, तळहात खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि ज्योतिषानं बघावा तसा वाचू लागले.

"वर्तणूक चांगली. सोडल्याचं कारण, वडिलांची बदली. प्रगती मात्र पिठाखाली गेलीय. शिक्का अंगठ्याच्या मुळाशी हाय, पण अर्धाच."

"साहेब, मुलगी हुशार आहे हो," बिराजदार काकुळतीनं म्हणाले. "चूक माझी आहे. तिची जागा तेवढी घालवू नका."

आवाज ऐकून मुख्याध्यापिका आतून आल्या. त्यांनी कागद पाहिला नाही, हात पाहिला, वास घेतला आणि गंभीरपणे विचारलं, "कापा की बरका?"

"काय?"

"फणस हो. कडक गऱ्याचा होता की मऊ?"

"मी खाल्लाच नाही अजून," बिराजदार म्हणाले.

बाई हळहळल्या. एवढ्या चिकाचा म्हणजे कापाच असणार, असं हरिश्चंद्रांचं मत पडलं. चिकावरून ठरत नाय, असं एका शिक्षकांचं. दुसऱ्या शिक्षिकेनं केळशीच्या आपल्या माहेरचा दाखला दिला, तो तरी अखंड होता. दहा मिनिटं बिराजदार पिठाचे हात पुढे धरून उभे राहिले आणि प्रवेशाचा विषय कुणी काढेना. अखेर शाळेची खिचडी शिजवणाऱ्या सखूबाई खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या.

"आधी हाताला तेल चोळायचा, सुरीला तेल चोळायचा, मग फोडायचा. आणि हा पांढरा काय लावलात?"

"ज्वारीचं पीठ."

सखूबाई त्या हातांकडे आदरानं बघत राहिल्या.

"पन्नास वर्षां फणस फोडतेय मी," त्या म्हणाल्या, "पण पिठाचा कोणालाच नाय सुचला."

मग त्यांनी चार थेंब तेल टाकून चोळलं. सकाळपासून साबणाला, पाण्याला आणि दोन माणसांच्या ताकदीला न जुमानणारा चीक मुकाट्यानं सुटून आला. बिराजदार आपल्या मोकळ्या बोटांकडे डोळे विस्फारून बघत होते. इथल्या माणसांना सगळंच ठाऊक असतं, आणि ती ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत, असं त्यांना वाटलं. दाखलाही सुटला, पण तेलानं इतका पारदर्शक झाला की त्यातून हरिश्चंद्रांचं टेबल स्वच्छ दिसत होतं.

"मुलगी आजपासून वर्गात बसेल," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "जागा मी कोणाला देत नाही. पण शिक्क्याचा कागद मला हवाच. जुन्या शाळेत जाऊन दुसरी प्रत तुम्ही स्वतः आणा. आज निघालात तर बरं."

बिराजदारांना हात जोडायचे होते, पण ते तेलानं घसरत होते. ही बातमी ऐकून लेक रडणार, तिला कसं समजवायचं, याची जुळवाजुळव करत ते बाहेर आले. बाक रिकामा होता.

वेदिका व्हरांड्याच्या टोकाला पायरीवर बसली होती. तिच्याभोवती पाच-सहा मुली होत्या. तेजस्वी नावाची एक मुलगी सखूबाईंच्या दुसऱ्या बाटलीतलं तेल तिच्या वेणीला चोळत होती आणि बाकीच्या मुली पोट धरून हसत होत्या. हसतील म्हणून तिनं आठ दिवस आधीच सांगून ठेवलं होतं. बिराजदार पुढे धावणार, एवढ्यात त्यांना आवाज ऐकू आला.

"अन् मग पप्पा म्हणाले, येतो की, ऊस तोडलेला माणूस आहे मी," वेदिका छाती फुगवून त्यांच्याच आवाजात सांगत होती. "अन् दोन मिनिटांत लई मोठी भाकरी झाली की हाताची."

"परत सांग, परत. ऊसवाला परत सांग," तेजस्वी म्हणाली.

वेदिकानं परत सांगितलं. बिराजदार खांबाआड उभे राहून ऐकत होते. आपली अब्रू आपली लेक वाटून खाते आहे आणि तिला मैत्रिणी मिळताहेत, हा सौदा त्यांना मनापासून पसंत पडला. त्यांनी डोळे पुसले आणि मग डोळ्यांत तेल गेलं.

संध्याकाळी एसटी स्टँडवर राजश्रीबाई आणि वेदिका त्यांना सोडायला आल्या. सोलापूरची गाडी लागलेली होती. रात्रभराचा प्रवास, उद्याचा दिवस शाळेत अर्ज-विनंत्या, मग पुन्हा रात्रभर. खिडकीशी बसल्यावर बिराजदारांना एकदम फार एकटं वाटलं.

"वेदे, शेजारची जागा रिकामी आहे बघ," ते म्हणाले. "चल की तूपण. आत्या भेटेल, तुझ्या जुन्या मैत्रिणी भेटतील. परवा परत येऊ."

"उद्या शाळा आहे की, पप्पा."

"एक दिवस बुडाली तर काय होतंय?"

"असं कसं? एकच जागा होती. किती मुश्किलीनं मिळालीय," वेदिका त्यांना समजावत म्हणाली. "अन् उद्या शाळा सुटल्यावर तेजस्वीकडं जायचंय मला."

गाडी हलली. आठ दिवस बिराजदारांनी एकच नवस बोलला होता, की घरातल्या कुणाला सोलापूरला जायची पाळी येऊ नये. वेदिका खिडकीबरोबर चार पावलं चालत आली.

"सावकाश या, पप्पा," ती म्हणाली. "घाई नाय."