बाग मारुतीच्या गळ्यात

मारुतीला शनिवारी रुईच्या पानांची माळ लागते.

अळी जन्मली की आधी पान खाते. मग उरलेलं पान खाते.

चंद्रभानच्या कढीवर तरंगणारा गोडनिंब कुठून येतो, हे बोरतळीत आजवर कोणी विचारलेलं नाही.

किसनरावांकडे तीन गाड्या आहेत. त्यांच्या गल्लीत एक मावते.

नागसेन कोणत्याही देवळात जात नाही.

कापसाच्या मुलखात 'अळी' हा शब्द मोठ्यानं उच्चारू नये.

या सगळ्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, असं मी आषाढापर्यंत शपथेवर सांगितलं असतं.

*

आता माझी ओळख. अमरावतीहून अकोल्याकडे निघालात की वाटेत बोरतळी लागते, तिथल्या नगर परिषदेचा मी उद्यान पर्यवेक्षक. बोरतळीत उद्यान नव्हतं. कित्येक वर्षं मी नसलेल्या उद्यानाचं पर्यवेक्षण केलं, आणि सांगायला अभिमान वाटतो की एकही तक्रार आली नाही.

मग चौकाच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा आला. आराखड्याचं नाव एवढं लांब होतं की ते फलकावर बसवायला दोन खांब कमी पडले. बसस्टँडसमोरचा आमचा मोठा चौक सुधारायचा, त्यात हिरवळ आणायची, पक्षी, किडे, फुलपाखरं सगळं आणायचं. चौकात मारुतीच्या मंदिराला लागून जुन्या कोंडवाड्याची जागा रिकामी पडून होती. तिचं काय करायचं, यावर सभा भरली.

मी अमरावतीला जाऊन जैवविविधतेचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. ताजा ताजा होतो. उभा राहून म्हणालो, "तिथं फुलपाखरांची बाग करू."

"फुलपाखरू मत देते का?" नगरसेवक किसनरावांनी विचारलं. त्यांना तिथं दुमजली पार्किंग हवं होतं.

"तुमची गाडी देते का?" नगराध्यक्षा माधवीताई म्हणाल्या. "बोलू द्या त्याइले."

मग मी बोललो. लोक फुलं लावतात आणि फुलपाखरांची वाट पाहतात, ही मूळ चूक. फुलावर फुलपाखरू पंगतीला आल्यासारखं येतं, जेवतं आणि जातं. त्याच्या अळीला जे पान लागतं ते झाड लावा, मग ते बाळंतपणाला येतं, मुक्काम करतं. एकेका जातीच्या अळीचं पान ठरलेलं. रुईवाली अळी रुईच खाईल, उपाशी मरेल पण शेजारच्या झाडाला तोंड लावणार नाही. आपले जावई असतात ना, तसं.

सभागृह हसलं. मला चढली.

"एकही फुलपाखरू दिसलं नाही," मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "तर मी स्वतः तिथं पार्किंगच्या पावत्या फाडत बसतो."

"हे लिहून घ्या," किसनराव म्हणाले.

माधवीताईंनी सभेनंतर मला बाजूला घेतलं. "नितेशभाऊ, श्रावण सरता सरता पाहणी समिती येणार आहे. बाग जिवंत दिसली तर अख्ख्या चौकाला मंजुरी आहे. सावलीची झाडं, बसाले बाकं, हारवाल्या बायाईले पक्के ओटे. नाई दिसली, तर मी किसनरावाले थांबवू शकत नाई."

"ताई, निश्चिंत राहा."

आजवर मी ज्यांना ज्यांना निश्चिंत राहायला सांगितलं, त्यांची मी इथे नावं घेत नाही.

*

बाग झाली. रुई लावली. बेल लावला. गोडनिंब लावला, म्हणजे पुस्तकातला कढीपत्ता. आपटा लावला. रोपवाटिकेतून कमरेएवढी झाडं आणली. प्रत्येक झाडापुढे पाटी: झाडाचं नाव आणि खाली उपयोग. बेलाच्या पाटीवर 'महादेवास वाहतात', रुईच्या पाटीवर 'मारुतीस प्रिय', हे मीच रंगवून घेतलं. माहिती देताना मी हात आखडता घेत नाही.

अळ्या आल्या. खरंच आल्या. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, डोक्यावर शिंगं असलेल्या, रुईच्या पानावर बसून चराचरा खाणाऱ्या. मी रोज सकाळी त्यांना बघून यायचो. पौर्णिमा, माझी बायको, म्हणाली, "घरच्या पोराईचा अभ्यास घेतला नाई कधी एवढा."

मग श्रावणातला पहिला शनिवार उजाडला.

मी चौकात पोचलो तर रुईची झाडं अशी उभी होती, जशी कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटी. नुसत्या काड्या. मंदिराच्या पायरीवर रुख्मिणीबाई हार विकत बसल्या होत्या. पुढ्यात रुईच्या माळांचा ढीग.

"मावशी, ही पानं कुठली?"

"तुमचीच." चेहरा असा, जसा मी सत्काराला आलोय. "पहिले रुईसाठी नाल्यापलीकडे जाव लागे, साप-विंचवात. आता तुमी चौकातच लावली. वरून पाटी बी लावली, मारुतीले प्रिय. लय पुण्याचं काम केलं साहेब."

"अहो, ती अळ्यांसाठी लावली."

"अळ्याईसाठी?" त्यांनी माळ ओवायची थांबवली. "मारुती मोठा का अळी मोठी?"

मी जाऊन माझीच पाटी पुन्हा एकदा वाचली.

सोमवारी बेल गेला. माणसं रांग लावून तोडत होती. शिस्त मात्र वाखाणण्यासारखी. एका आजोबांनी मला रांगेत मागे जायला सांगितलं.

*

मी नागसेनला राखणीला बसवलं. नागसेन आमचा माळी. स्वभावानं तिखट, हिशेबानं चोख.

"मले ना मारुतीले काही वाहायचं, ना महादेवाले," तो म्हणाला. "मह्यावर सोडा."

त्यानं शब्द पाळला. पुढच्या शनिवारी बाया आल्या, तेव्हा त्यानं त्यांना प्रत्येक झाडाचं एक एक पान मोजून दिलं आणि बाकीच्यांसाठी नाल्याचा रस्ता दाखवला. रुईला नवी पालवी फुटली. बेल हिरवा झाला. मी सुटकेचा श्वास घेतला आणि गोडनिंबाकडे वळलो.

गोडनिंबाच्या जागी पाटी होती. फक्त पाटी.

"नागसेन."

"पान कोणाले तोडू देल्लं नाई, साहेब."

"मग झाड कुठं आहे?"

नागसेननं समोर पाहिलं. समोर चंद्रभानची आलूबोंड्याची गाडी होती. कढईतून वास येत होता. असा वास, की साधू असता तरी पिशवी ठेवून बसला असता.

"पानं देल्ली नाई," नागसेन म्हणाला. "फांद्या देल्ल्या. चंद्रभान म्हणे, कढी तुमचीच समजा. दोन आलूबोंडे फोडून वरून कढी टाकते तो, साहेब. तुमी खाऊन पाहा एकदा. मंग बोला."

मी खाऊन पाहिली. मग आणखी एक प्लेट मागवली.

*

पण चिंता होती. समिती येणार होती. नव्या पानांवर नव्या अळ्या दिसायला लागल्या होत्या, त्यांना माणसांपासून वाचवायचं होतं. पाटीनं घात केला, तर पाटीच वाचवेल, असा विचार करून मी एक मोठी पाटी रंगवली, लाल अक्षरांत: 'सावधान. या झाडांवर अळ्या पडल्या आहेत.'

कोणी हात लावणार नाही, ही कल्पना.

पाटी सकाळी लावली. मी कार्यालयात जाऊन चहा मागवला. चहा यायच्या आत नागसेनचा फोन.

"साहेब, लवकर या. ओमप्रकाशशेठ आले."

ओमप्रकाश म्हणजे चौकातला कृषी केंद्रवाला. मी धावत गेलो. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, हातात नळी. शेवटच्या आपट्यापर्यंत पोचला होता.

"काय करून राहिले?" मी ओरडलो.

"काय म्हणजे? अळी पडली म्हणता, अन मले सांगत नाई?" ओमप्रकाश दुखावला होता. "रस्त्यानं जाता जाता पाटी वाचली. म्हटलं नगर परिषद आपली, बाग आपली. पैसे नका देऊ. ज्या औषधानं बोंडअळी मरते, त्यापुढे ही तुमची शिंगवाली अळी काय आहे?"

ती काहीच नव्हती. ती खाली पडलेली होती. सगळ्या पडलेल्या होत्या.

"मेल्या," तो समाधानानं म्हणाला. "पुढच्या आठवड्यात अजून एक हात मारून देतो."

मी कठड्यावर बसलो. राग येत नव्हता. इथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं अळी पाहून झोपेतून उठली आहेत. त्यांच्या चौकात मी लाल अक्षरांत अळी लिहून ठेवली होती. आग लागली म्हणून फलक लावावा आणि लोक बादल्या घेऊन आले की त्यांच्यावर रागवावं, तसं झालं असतं.

किसनराव तेवढ्यात चौकातून गेले. त्यांनी गाडीची काच खाली केली, बागेकडे पाहिलं, पावलांनी अंतर मोजावं तशी मान हलवली आणि काच वर केली.

*

"लोकाईले पानं पाहिजेत," पौर्णिमा म्हणाली. ती अंबाडीची भाजी वाढत होती. "तुमाले अळ्या पाहिजेत. भांडण पानाचं आहे ना? मंग पानं वाढवा. झाडाची राखण काहून करून राहिले, झाडं वाटा."

"समिती बाग बघायला येणार आहे."

"तुमच्या बागेत काय ठेवलं आता बघाले?"

हे खरं होतं. औषधानं अळ्यांबरोबर कोवळी पालवीही करपून गळाली होती. रोपवाटिकेत रोपं उरली होती. मी ती वाटली. चंद्रभानला गोडनिंब दिला, त्यानं तेलाच्या पिप्यात लावून गाडीला टेकवला. रुख्मिणीबाईंना रुई दिली, पायरीच्या बाजूला. ओमप्रकाशला बेल दिला आणि त्याच्याकडून वचन घेतलं की पंपाला हात लावणार नाही. "एकच अळी दिसली तरी?" त्यानं विचारलं. एकच काय, हजार. त्याला रात्री झोप लागली नसेल. चौकातल्या दुकानादुकानापुढे पिपे, डबे, फुटक्या बादल्या आल्या आणि त्यांतून कोवळी पानं डोकवायला लागली.

पण फुलपाखरू काही आज रोप लावलं की उद्या येत नाही. आणि समिती उद्या येणार होती.

*

आली. समितीच्या प्रमुख सीमा मॅडम. गॉगल, कॅमेरा, पायात बूट. बरोबर माधवीताई. मागे किसनराव, हातात कोरं पावतीपुस्तक.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"बेल."

"आणि ते?"

"रुई."

"दोन्ही सारखेच दिसतात."

"आता सारखेच आहेत," मी म्हणालो.

"पाट्या मात्र छान आहेत." हे कौतुक नव्हतं.

"गाड्या आडव्या लावल्या तर बरोबर बसतात, मॅडम," किसनराव म्हणाले. माधवीताईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही, कारण तिच्यात राग नव्हता. पायरीवर रुख्मिणीबाई माळ ओवायची सोडून आमच्याकडे बघत होत्या. पक्क्या ओट्याची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलेली होती.

मॅडमनी कॅमेरा पिशवीत ठेवला.

तेव्हा रुख्मिणीबाई उठल्या. "ओ नागसेनभाऊ. मॅडम अळ्या पाहाले आल्या का?"

"मेल्या म्हणा, मावशी."

"कुठं मेल्या? इकडं मारुतीजवळ बसल्या नं. या, पाहा."

आम्ही चपला-बूट काढून आत गेलो. नागसेन दारातच थांबला, पण मान आत घातली.

गाभाऱ्याच्या जाळीला, समईच्या साखळीला, दानपेटीच्या कडीला, मारुतीच्या गदेला थेंबासारखे हिरवे मणी लटकत होते. प्रत्येकावर सोन्याच्या बारीक ठिपक्यांची ओळ. कोश होते ते. सगळे रुईवाले. एकाचं कवच पारदर्शक झालेलं, आतून केशरी रंग दिसत होता.

"इथे कसे आले?" मॅडमचा आवाज एकदम हळू झाला.

"पहिल्या माळीसंग आले," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "पानाच्या मांगं बसून. मी झटकाले गेली, तं पुजारी म्हणे, मारुतीच्या आंगावर चढलं ते मारुतीचं, राहू दे. मंग राहू देल्लं. माळ वाळली की नवी माळ खातात. औषध मारल्यावर तुमच्या पानाले वास येत होता, तशी माळ देवाले कशी घालू? मंग नाल्यापलीकडून आणली."

गर्दी पाहून आलेला ओमप्रकाश मागून म्हणाला, "मले दिसल्या होत्या. पण देवावर पंप कसा मारू?"

मी तिथंच उभा राहिलो. बोरतळीत एकच जागा अशी होती जिथलं पान कोणी तोडत नाही आणि जिथं औषध कोणी मारत नाही. तिथं दर शनिवारी ताजं जेवण हातानं आणून घातलं जात होतं. मी तीन महिने बाग करत होतो. बाग शेजारी झाली होती.

"ही कल्पना कोणाची?" मॅडमनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाकरलो. "आराखड्याचा दुसरा टप्पा."

"टप्पा नाई बाई," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "मारुती हाय."

गदेवरचा कोश उकलला. ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं आणि लोंबत राहिलं. बाहेर बसस्टँडवर अकोल्याची गाडी लागल्याची घोषणा झाली. हळूहळू पंख ताठ झाले: केशरी, टोकाला काळं, त्यात पांढरे ठिपके. थोड्या वेळानं ते उडालं, दारातून नागसेनच्या डोक्यावरून बाहेर गेलं आणि चौकात एक फेरी मारून रुख्मिणीबाईंच्या पायरीजवळच्या पिप्यावर बसलं. रुईचं रोप होतं त्यात.

मॅडमनी अनवाणीच धावत जाऊन फोटो काढला.

मंजुरी आली. अट एकच होती: बागेला भिंत घालायची नाही. मंदिराचं मागचं अंगण, दुकानांपुढचे पिपे, सगळं मिळून बाग धरायची. रुईची एक ओळ मारुतीची म्हणून ठरली, ती तोडायला मोकळी. हारवाल्यांचे ओटे बांधायला सुरुवात झाली आहे. ओमप्रकाश दुकानात आता बेलाची रोपंही ठेवतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, अळी पडली तर घाबरू नका. स्वतः मात्र अजून घाबरतो. किसनरावांनी परवा मला घरी बोलावलं आणि आवाज खाली करून विचारलं, "आमच्या फाटकाजवळ कोणतं झाड जमेल?"

बाग खुली झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी, बाजार जागा व्हायच्या आत, रुईची पहिली पानं पौर्णिमानं तोडली होती. बागेला कोणाची नजर लागू नये म्हणून तिनं मारुतीला माळ बोलली होती.