पसंती विचारणारा मृदंग

मृदंगवाला बालाजी नोकरी लागून कोइंबतूरला निघून गेला आणि जानकीराम हवालदिल झाले. शनिवारी भजनमठात राधाकल्याण, म्हणजे आधी तासन्‌तास भजनं, मग राधेचं कृष्णाशी लग्न आणि शेवटी प्रसाद. मुख्य गायकाची जागा त्यांची, आणि त्या जागेवर शेजारचा हरिकृष्ण कधीपासून टपलेला. (गळा बरा आहे मेल्याचा. भय तेच.)

"मामंजी, मृदंग लॅपटॉपवर वाजवू या," सून शरण्या म्हणाली. ती घरीच रेकॉर्डिंगची कामं करायची. "साथीचा प्लगइन आहे. तुम्ही गायचं, तो ऐकून वाजवतो."

"ऐकतो? आता आपण बोलतोय तेही?" जानकीरामांनी आवाज खाली आणला.

"आधी प्रेफरन्सेस भरायला हव्यात. म्हणजे तुमची पसंती."

जानकीराम सावरून बसले. लग्नात कोणी त्यांची पसंती विचारली नव्हती, सकाळच्या चटणीत तर नाहीच नाही. हे यंत्र विचारत होतं! भीती होतीच, पण छातीही जरा फुगली.

"विचार म्हणावं."

"गाणारा थांबला की शेवटचं तिर्मान आपोआप वाजवायचं?"

तिर्मान म्हणजे भजन संपल्याची खूण, तीनदा घुमणारा तुकडा. बालाजी नेमका तिथेच डुलक्या काढायचा.

"वाजवायचंच!"

"किती वेळ थांबल्यावर?"

"वेळ कशास? लगेच! मी थांबलो की त्याने आटपायचं. काही मर्यादा आहे की नाही?"

"मामंजी, हे जरा समजून घ्या..."

"पसंती माझी की तुझी?"

शरण्याने बटण दाबलं. निदान एकदा तालीम करा म्हणाली, तर तेही नको. हरिकृष्ण भिंतीला कान लावून बसेल!

शनिवारी मठ गच्च भरला. शरण्याने लॅपटॉप चालू करून दिला आणि ती मागे चुलीकडे गेली, प्रसादाची पोंगल-खिचडी ढवळायला. समोरच हरिकृष्ण मांडी घालून बसलेला. जानकीरामांनी देवाला हात जोडले, अभंगाची पहिली ओळ घेतली. काय लागली! ओळ संपली, त्यांनी श्वास घेतला.

मृदंगाने कडकडून तिर्मान वाजवलं.

"गोविंदाऽ गोविंदा!" सगळा मठ गरजला.

झालं. मठाची रीत अशी की एकदा गजर झाला की ते भजन संपलं. पुन्हा उचललं तर अपशकुन. जानकीरामांनी दुसरा अभंग धरला. एक ओळ, एक श्वास, तिर्मान, गोविंदा. तिसऱ्याचीही तीच गत.

लॅपटॉप बंद करावा? पण हात लावला आणि फुटला तर? आणि गर्दी ही एवढी! त्यापेक्षा श्वासच घेऊ नये, असं त्यांनी ठरवलं. चौथा अभंग त्यांनी अर्ध्यापर्यंत ओढला. तोंड वांग्यासारखं झालं, डोळे बाहेर आले.

"अहो, श्वास घ्या!" बायकांमधून त्रिपुरसुंदरी किंचाळल्या. "मज विधवा करता काय?"

त्यांनी घेतला. "गोविंदाऽ गोविंदा!"

"शरण्याऽऽ!" शेवटी त्यांनी हंबरडाच फोडला. मृदंगाने त्या हंबरड्यालाही छान ठेका धरला आणि तिर्मान देऊन संपवला. लोकांना वाटलं, नवीन भजन. (मागच्या दोघांनी तर डोळे मिटून मान डोलावली.) पुन्हा गजर!

शरण्या पळीसकट धावत आली तोवर सगळी भजनं संपली होती. भटजींनी गोंधळून घड्याळाकडे पाहिलं आणि राधेचं लग्न लावून टाकलं.

जानकीराम खांबाला टेकून बसले. आता कोणत्या तोंडाने उठायचं? हरिकृष्ण सरळ त्यांच्याकडेच येत होता, मागे मठाची चार वडीलधारी माणसं. गेली जागा! त्यांनी डोळे घट्ट मिटले.

"मामा," हरिकृष्ण म्हणाला, "आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. पुढच्या वर्षीही तुम्हीच म्हणायचं. मज हे जमायचं नाही."

जानकीरामांनी एक डोळा उघडला. "खरंच? इतकं आवडलं गाणं?"

"गाणं कसलं?" हरिकृष्णाने हातातल्या पानावरच्या पोंगलवर फुंकर मारली. "जन्मात पहिल्यांदा प्रसाद गरम मिळाला!"