सराव खोलीतलं गिऱ्हाईक

"नोकरी आता माझ्या खिशात आहे!" सकाळी आठला, नवरा बूट चढवत असताना तिने जाहीर केलं.

"गाऊनला खिसा असतो का?" नवरा म्हणाला आणि गेला.

दार लागलं. आता संध्याकाळी सातपर्यंत घरात बोलणारं माणूस उरलं एकच, तेही दीड वर्षांचं. त्याला एकच शब्द येत होता, "बू!" पाणी म्हणजे बू, बिस्किट म्हणजे बू, आई म्हणजेही बू.

पण आज तिला कशाची फिकीर? बायकांसाठीचा तीन महिन्यांचा संगणक वर्ग तिने नुकताच पुरा केला होता. आधीच्या तुकडीतल्या एकीने स्वतःच्या पगारातून फ्रिज घेतला होता. दुसरीने तर सासूला पत्ता लागायच्या आत स्कूटर! आज हिची पाळी. वॉशिंग मशीन विकणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारींना घरबसल्या, लॅपटॉपवर लिहून उत्तरं द्यायची. दहा ते एक चाचणी. जमलं तर सोमवारपासून नोकरी, आणि अर्जात 'गेली दोन वर्षे काय केले?' या रकान्यापुढची रिकामी जागा कायमची मागे पडणार!

वर्गातल्या मॅडमचे तीन नियम तिने भिंतीवर चिकटवले होते. एक, ग्राहकाशी आधी सहमत व्हा. दोन, ग्राहक गप्प झाला तर दोन मिनिटांत तुम्हीच काहीतरी विचारा. तीन, ग्राहकाने निरोप घेतल्याशिवाय हलू नका!

दहाला पाच मिनिटं कमी असताना बाळ झोपलं. ऐनवेळी गोंधळ नको म्हणून वर्गातली लिंक तिने लाल चांदणी लावून जपून ठेवली होती. ती उघडली. समोर कुणीतरी हजरच!

"नमस्कार! मी आपली काय मदत करू?" तिने फाडफाड टाइप केलं.

"नमस्कार! मी आपली काय मदत करू?" उत्तर आलं.

आली का पंचाईत! मॅडमनी बजावलंच होतं, काही ग्राहक मुद्दाम अंत बघतात.

"आपली तक्रार निःसंकोच सांगा."

"आधी आपली सांगा. आम्ही त्यासाठीच तर बसलोय."

काय हे चिवट गिऱ्हाईक! गच्च बसलेल्या बरणीच्या झाकणासारखं, हलायलाच तयार नाही!

"मशीन आवाज करतं का?" तिने जोर लावला.

"आपलं करतं का?"

नियम पहिला. "हो, करतं."

"आमचंही करतं. कधी करतं आपलं?"

"दिवसभर," तिने लिहून टाकलं. "घरात दुसरा आवाजच नाही."

पलीकडून एक ओळ उमटली. "आमच्याकडेही नाही."

वॉशिंग मशीनच्या कुठल्याच पुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं. दोन मिनिटं होत आली. नियम दुसरा! "घरी कुणीच नसतं का?"

"मुलगी असते. तीन वर्षांची. अखंड बडबडते, पण बाहुलीशी."

"माझा नुसता बू म्हणतो."

"बू म्हणजे काय?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं! तिने बूवर आठ ओळी लिहिल्या. तेवढ्यात प्रत्यक्ष बू उठून आला, मांडीवर चढला आणि दोन्ही हातांनी कीबोर्ड बडवला. चाळीस अक्षरांचा चिखल पलीकडे गेला!

"मी आपल्याशी पूर्णपणे सहमत आहे," उत्तर आलं.

अकरा वाजले, बारा वाजले. निरोप कुणीच घेईना. एकला फोन वाजला. मॅडम!

"अहो, आहात कुठे? ग्राहक दहापासून खोळंबलेत!"

"मॅडम, मी ग्राहकाबरोबरच आहे. फार अवघड केस आहे हो!"

"कुठला ग्राहक? वर्गातल्या जुन्या लिंकवर, सराव खोलीत बसलाय तुम्ही! सकाळी नवी लिंक पाठवली ती कुणासाठी? आणि तुमच्यामागे बसायची ती थर्मासवाली, तीही तिथेच! तीन तास एकमेकींना काय मदत करू विचारताय!"

थर्मासवाली! तीन महिने दोघी पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. एवढ्या दिवसांत बोलणं झालं ते एकच, "खुर्ची जरा पुढे घेता?" हिला ती शिष्ट वाटली होती. तिला ही काय वाटली असेल?

"बाकीच्या सगळ्या लागल्या कामाला," मॅडम म्हणाल्या. "तुम्हा दोघींना पुढच्या सोमवारी एक संधी. शेवटची! आणि एका ग्राहकाला चार मिनिटं. चार!"

ती लॅपटॉपवरची खिडकी बंद करायला गेली. पडद्यावर ओळ थांबली होती. "आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

मॅडमचा फोन तिकडेही गेलाच असणार. तरी ओळ तिथेच होती. तिने लिहिलं, "हो."

संध्याकाळी नवरा आला. "काय, पडली का खिशात?"

"पुढच्या सोमवारी परत चाचणी आहे."

"मग दिवसभर केलंस काय?"

"एका बाईंची तक्रार ऐकत होते."

"कसली?"

"घरात दिवसभर दुसरा आवाजच..." ती सांगू लागली. पण तो तोवर मोबाइलमध्ये शिरला होता. बऱ्याच वेळाने मान वर न करता त्याने विचारलं, "सुटली का मग?"

"नाही," बाळाला भरवता भरवता ती म्हणाली. "उद्या दहाला परत येणार आहेत त्या."

"बू!" बाळ म्हणालं.

"पूर्णपणे सहमत," ती म्हणाली.