कॅमेऱ्याच्या पिशवीतली किल्ली

सकाळी साडेसहाला बायकोचा कॅमेरा तिला न विचारता उचलला, एवढीच माझी चूक. (बाकीच्या चुका त्यातूनच निघाल्या, त्या वेगळ्या धरू नयेत.) ऑफिसच्या कॅलेंडरसाठी फोटो मागवले होते आणि समोरच्या बागेच्या कुंपणावर थंडीनं बर्फाची झकास नक्षी जमली होती. म्हटलं, ती उठायच्या आत जाऊन येऊ.

बायको फोटोग्राफर. कॅमेरा ही तिची रोजीरोटी, आणि त्याच दुपारी तिला एका कारखान्यातल्या यंत्रांचे फोटो काढायचे होते. गारठलेला कॅमेरा एकदम उबेत आणला की त्याला घाम फुटतो, पाणी आत शिरतं आणि सगळा कारभार आटोपतो, हे तिनं मला इतक्यांदा ऐकवलंय की तोंडपाठ आहे. उपायही पाठ होता. बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करायचं आणि आत आल्यावर दोन तास उघडायचं नाही.

मी अगदी तसंच केलं. फोटो काढून झाल्यावर फाटकापाशी उभं राहून, बधिर बोटांनी, कॅमेरा पट्ट्यासकट पिशवीत घातला आणि तोंड बंद केलं. दोन मजले चढून दाराशी आलो आणि किल्लीसाठी खिशात हात घातला.

किल्ली कॅमेऱ्याच्या पट्ट्याला अडकवलेली होती. हात मोकळे राहावेत म्हणून, मीच. पिशवीतून ती स्वच्छ दिसत होती.

आमचा जिना हीटरमुळे घराइतकाच उबदार. पिशवी उघडावी तर कॅमेरा गेला, बेल वाजवावी तर मी गेलो. शेवटी पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसलो. तिच्यावर बाहेरून थेंब जमायला लागले, तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला.

वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई दवाखान्यात निघाल्या होत्या.

"काय हो, घराबाहेर काढलं की काय?"

"छे, किल्ली या पिशवीत आहे."

"मग काढा."

"नऊ वाजेपर्यंत काढता येत नाही."

"मग बेल वाजवा."

"बायको उठून दार उघडेल."

"तेच हवंय ना?"

"तेच नकोय."

दात ठेवावा की काढावा हे ठरवताना बघत असतील तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि निघून गेल्या.

नवाच्या ठोक्याला दार उघडलं. दारात बायको. मी एका दमात सगळं कबूल केलं. तिनं पिशवी बाहेरून पुसली, उघडली, कॅमेरा फिरवून फिरवून पाहिला.

"कोरडा आहे," ती म्हणाली.

मला इतकं हायसं वाटलं की मी परत पायरीवर बसलो.

"पण किल्लीच हवी होती तर खाली थंडीत जायचं, पिशवी उघडायची, किल्ली काढून परत बंद करायची. कॅमेऱ्याला काही झालं नसतं."

दोन तासांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी विषय बदलला. "तुला जाग कधी आली?"

"सव्वासातला. दाराच्या भिंगाला डोळा लावून बघितलं, तर तुम्ही पायरीवर."

"मग दार का नाही उघडलंस?"

"घरात आला असतात तर फोटो बघायला पाच मिनिटांत पिशवी उघडली असतीत. बाहेर घाबरून बसला होतात, म्हणून कॅमेरा वाचला."

हा सरळसरळ अन्याय होता. पाच मिनिटं मला लागलीच नसती.