चांदणशेतची सोयरीक

"मसणमाळची पोरगी मी सून म्हणून आणणार न्हाय!" रत्नव्वानं फोटो उलटा करून टेबलावर आपटला.

तिच्या नवऱ्याचं, सोमशेखरचं, डोकं शिरोलीतल्या लोखंडाच्या भट्टीसारखं तापलं. पोरगी शिकलेली, घर खातंपितं, कुठं नाव ठेवायला जागा नाही. पण गावाचं नावच बाईला पसंत नाही! याआधी गाढवलोळी गेली, खरजवाडी गेली. तिकडं पोराला, प्रभुलिंगला, टक्कल पडायला लागलं होतं आणि त्याची आई अजून एसटीच्या पाट्या वाचून सून शोधत होती.

"तुला जायचंय का तिथं ऱ्हायला?"

"लोक इचारत्यात की, सून कुठली? मसणमाळची म्हणू?"

शेवटी मध्यस्थ आकारामनं चंदगडाकडचं स्थळ आणलं. गाव चांदणशेत. रत्नव्वानं ते नाव पेढा चघळावा तसं तोंडात घोळवलं. पोरीचा फोटो बघायचंही तिला भान राहिलं नाही.

"ह्याच रविवारी निघायचं!"

निघाले. चंदगडातला श्रावण म्हणजे आभाळच फाटलेलं. एसटीनं फाट्यावर सोडलं, पुढं नुसता चिखल. रत्नव्वाची इरकल साडी गुडघ्यापर्यंत लाल झाली, प्रभुलिंगची एक चप्पल चिखलानं गिळली, सोमशेखरच्या पोटरीला जळू चिकटली. भर दुपारी पुढचा माणूस दिसत नव्हता.

"बघ तुझं चांदणं!" जळू उपटत तो ओरडला.

"नाव तरी किती ग्वाड हाय," ती धापा टाकत म्हणाली.

पण पोरगी, सौंदर्या, खरंच लाखात एक निघाली. तिनं प्रभुलिंगचे पाय बघितले, ओठ दाबून हसली आणि कुणी न सांगता गरम पाण्याची बादली आणून ठेवली. गडी तिथंच खलास. सोमशेखरला वाटलं, सुटलो एकदाचे!

तेवढ्यात कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेली पोरीची आजी, बयाबाई, बोलली, "पावणं, कोल्हापुरात कुठं ऱ्हाता?"

"म्हाद्वार रोडच्या मागं," रत्नव्वा घाईनं म्हणाली. रिक्षावाल्यालाही ती जन्मभर हेच सांगायची आणि उरलेली वाट तंगडतोड करायची.

"मागं म्हंजे? गल्लीला नाव असंल की."

रत्नव्वानं नवऱ्याला चिमटा काढला. पण तो आता कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हता. "भुताचा बोळ," त्यानं ठणकावून सांगितलं.

अडकित्ता थांबला. "भुताच्या बोळात पोर देऊ? गाव काय म्हणंल? न्हाय जमायचं. जेवून जावा."

रत्नव्वा फणा काढून उठली. "अवो आज्जी, नावावरनं घर ठरीवताय व्हय? पोरगा बघा, माणसं बघा! पिढ्या गेल्या आमच्या त्या बोळात!"

सोमशेखर तिच्याकडं आ वासून बघत राहिला. हीच ती मसणमाळला नाक मुरडणारी!

"ते ऱ्हाऊ दे," आजीनं त्यालाच दरडावलं. "तितं भूत हाय का न्हाय?"

"हाय की," तो म्हणाला. "लगीन झाल्यापासनं माझ्यासंगं नांदतंय. ह्ये काय, तुमच्या म्होरं उभं हाय!"

आधी सौंदर्याला हसू फुटलं, मग आतल्या बायकांना. आजीच्या तोंडातली सुपारी अंगणात उडाली. डोळे पुसत ती म्हणाली, "असलं बोलकं भूत असंल तर देतो पोरगी."

 परत कोल्हापुरात आल्यावर स्टँडवर सोमशेखरनं रिक्षा थांबवली आणि तिनं लावलेल्या सवयीनं "म्हाद्वार रोडच्या..." म्हणायला तोंड उघडलं.

"भुताचा बोळ!" ती रिक्षावाल्यावर खेकसली. "आन् पार दारापातुर घ्या. भुतं चालत न्हाईत!"