त्रिंबकराव साळिंदरांचा सत्कार

एका जंगलात बँक आली. रस्ता यायचा होता, दवाखाना यायचा होता, पण आधी बँक आली. का ते विचारू नका मुलांनो, मोठे झालात की कळेल.

बँकेनं सगळ्या प्राण्यांना एकेक कार्ड दिलं. वडाच्या ढोलीत यंत्र बसवलं. कार्ड आत सरकवायचं, आपला गुप्त नंबर दाबायचा, की पैसे बाहेर. सशाला वाटायचं आत कुणीतरी बसलंय. तो पैसे घेऊन यंत्राला नमस्कार करायचा.

याच जंगलात त्रिंबकराव साळिंदर राहत. मोठे सावध गृहस्थ. आपलं कार्ड त्यांनी पाठीवरच्या काट्यांत खोल खोचून ठेवलं होतं. पैसे काढताना ते अंगावरचा काटा न् काटा फुलवून उभे राहत. मागून कुणी नंबर बघायला नको! एकदा मागे उभ्या असलेल्या भेकरआजीच्या नाकात काटा घुसला.

"सुरक्षेसाठी थोडं सोसावं लागतं, आजी," त्रिंबकराव म्हणाले.

दर रविवारी वडाखाली त्यांचं व्याख्यान असे. "नंबर कुणाला सांगू नका! आणि कार्ड गेलंच, तर आधी बँकेला फोन! कार्ड बंद! रडायचं ते नंतर!" हे शेवटचं ते बोट वर करून म्हणत. टाळ्या पडत. बँकेत फोन घेणारी खारूताई पहिल्या रांगेत बसून मान डोलवायची.

त्यांचा संशय एकावरच होता, शेजारच्या धोंडू कोल्ह्यावर. धोंडूनं काही केलं नव्हतं. पण कोल्हा म्हटल्यावर आणखी पुरावा कशाला लागतो?

आता घरची गोष्ट. त्रिंबकरावांचं बीळ ओढ्याच्या काठाला होतं आणि त्याला दार एकच. गेल्या आषाढात पाणी आत शिरलं, तेव्हा बायको मथुराबाई गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्यांचं एकच मागणं. "मला दागिना नको, लुगडं नको. मागच्या बाजूनं एक दार काढा."

वर्षभर पोटाला चिमटा काढून दोघांनी पैसे साठवले. खोदकामाला घूस सोमवारी येणार होती.

आणि शनिवारी एक उदमांजर आलं. अंगात झब्बा, वाणी लोण्यासारखी.

"साहेब, आमच्या मंडळातर्फे तुम्हाला 'सावधानभूषण' देतोय. शाल, श्रीफळ आणि मानपत्र."

अहो, शाल म्हटल्यावर मराठी मुलखातलं कुठलं जनावर शुद्धीवर राहतं? त्रिंबकरावांचे काटे आपोआप खाली बसले.

"मानपत्रात तुमची पद्धत लिहू म्हणतो," उदमांजर म्हणालं. "पुढच्या पिढीला उपयोग होईल. नंबर मात्र सांगू नका हं! मी ऐकूनच घेणार नाही." त्यानं खरंच कान झाकले.

त्रिंबकरावांना भरून आलं. "तुमच्यासारखे लोक हवेत हो! नंबर नाहीच सांगणार. पण युक्ती सांगतो. लग्नाची तारीख घ्यायची आणि उलटी करायची. ब्रह्मदेवालाही सापडणार नाही!"

"वा! बरं, मानपत्रात वहिनींचाही उल्लेख हवाच. लग्न कधी झालं आपलं?"

त्रिंबकरावांनी तारीख सांगितली. वर जेवणाचा बेतही सांगितला.

दुसऱ्या दिवशी वडाखाली सत्कार झाला. शाल घातली ती काट्यांत अडकली. फोटो निघाले. मग उदमांजर कानाशी लागलं, "शाल तेवढी परत द्या साहेब. संध्याकाळी दुसरा सत्कार आहे." त्यानंच ती हळूहळू सोडवून घेतली. शालीबरोबर कार्डही सुटून आलं.

त्रिंबकराव नारळ घेऊन घरी निघाले. वाटेत मोबाइल वाजला. थोडे पैसे गेल्याचा निरोप होता. त्यांनी पाठ चाचपली. कार्ड नाही! पुन्हा निरोप, आणखी थोडे गेले. यंत्र एका वेळी थोडेच देतं, म्हणून उदमांजर तिथं उभं राहून निवांत काढत होतं.

त्रिंबकरावांनी बँकेला फोन लावला.

"हॅलो," खारूताई म्हणाली. "कोण, त्रिंबककाका? काय सुंदर झाला हो सत्कार!"

"हो, तेच... आवाज मागेपर्यंत आला ना?" त्रिंबकराव म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

मोबाइल वाजत राहिला. खातं रिकामं झालं, तेव्हा थांबला.

सोमवारी घूस आली. "मुहूर्त चांगला नाही," असं सांगून त्रिंबकरावांनी तिला दारातून परत पाठवलं. मथुराबाईंनाही तेच सांगितलं. त्या नुसत्या ओढ्याकडे बघत राहिल्या.

त्याच आठवड्यात धोंडू कोल्ह्यालाही उदमांजरानं गाठलं. त्याच्यासाठी शालही खर्ची घातली नाही. "कार्ड बघू, नंबर सांग," म्हणालं, आणि यानं दोन्ही दिलं. इतका बावळट! पण लगेच भर बाजारात फोन लावून बोंबलला, "खारूताई, मी गाढव आहे गं! बंद कर माझं कार्ड!" बाजार हसला. गाढवाला राग आला. कार्ड मात्र बंद झालं.

आषाढात ओढा फुगला. भरदुपारी पाणी बिळात शिरलं. धोंडूनं दोघांना ओढून बाहेर काढलं आणि आपल्या बिळात नेलं. त्याच्या बिळाला मागचं दार होतं. घुशीनं नुकतंच काढून दिलेलं.

मथुराबाईंनी त्या दारावरून हात फिरवला. "आपलं का नाही झालं हो?"

धोंडूसमोरच त्रिंबकरावांना सगळं सांगावं लागलं. मान खाली घालून त्यांनी सांगितलं. मथुराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"फसलात त्याचं काही नाही हो. कुणीही फसतं. पण मला तेव्हाच सांगायचं होतंत. मी केला असता की फोन. मला कुठं शाल मिळाली होती?"

पुढच्या रविवारी त्रिंबकराव पुन्हा व्याख्यानाला उभे राहिले. घसा खाकरला. बोट वर केलं.

"मंडळी," ते म्हणाले, "माझ्या ओळखीच्या एका कोल्ह्याची गोष्ट सांगतो..."

तात्पर्य : कार्ड चोरीला गेल्यास ताबडतोब बँकेला कळवावे. मात्र आधी गावात आपली अब्रू किती आहे ते पाहावे. ती फारशी नसेल, तर पैसे वाचतात.